लाल दिव्याची वही

— ती वही वाचताय होय दादा? शुद्धलेखनाचं मनावर घेऊ नका, सातवीत शाळा सुटली माझी, साधंच लिहिलंय. तुमच्या नेट कंपनीच्या कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, राउटरचा लाल दिवा कधी लागतो ते लिहून ठेवा — ठेवलं. चार दिवसांचं आहे. राउटर बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा — मी वीसपर्यंत मोजायचो, उगाच आपल्याकडून कसर नको. फोनला रेंज गच्चीवर, राउटर खाली, सारखं आपलं वर-खाली. आणि दर वेळी नवा माणूस — "खातेदार बोलताय का?" खातेदार आमचे बाबा, ते खाटेवर, वाचा गेलेली. मग मीच बाबा व्हायचो. पाणी देऊ? नको? बरं.

नेट ताईसाठी हो. ती परदेशात असते. रोज सहाला तिचा चेहरा दिसला की बाबा डाव्या हाताची बोटं हलवायचे — तेवढंच हलायचं त्यांचं. ती म्हणायची, अरे काळोखात दिसतायत ते, उजेडात घे ना जरा. म्हणून खाट खिडकीशी ओढली. एकट्यानं, बाबांसकट. त्याच दिवशी लाल दिवा लागला — पहिलंच पान, बघा...

काय? कुठे? खाटेच्या पायाखाली?

...चेपलीये वायर.

म्हणजे बाहेर काही बिघडलंच नव्हतं. आणि मी ताईला सांगत होतो, कंपनी दाद देत नाही. तीही तुम्हाला शिव्या घालायची — तुम्हाला म्हणजे कंपनीला. चौथ्या दिवशी सहाला बाबा गेले. बोटं हलत होती — मी फोन धरला होता समोर, बंदच, सवयीनं.

आजची तक्रार माझी नाही, ताईची आहे. नेट आलं की खाट बघायची म्हणते. कुठे बिघाड होता, तेही विचारेल. जोडू नका दादा. तुम्ही या आता.

माझी? माझी तक्रार मिटली ना. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची चादर वाळत घालायला गच्चीवर गेलो, तर कंपनीचा फोन — "सर, तक्रार मिटली का?" बाई इतक्या अदबीनं विचारत होत्या, नाही म्हणायला जीभ रेटेना. हो म्हणालो. मग खाली आलो, राउटर बंद केला, वीसपर्यंत मोजलं, चालू केला.