फिरत्या वहीतली मुलगी

मित्रहो, आज या शोकसभेत बोलायचं नाही असं मी सकाळी ठरवलं होतं. तरी उभा आहे. शांताताईंबद्दल चांगलं बोलणं मला जड नाही. खरं बोलणं जड आहे.

ताई आमच्या बालमार्गदर्शन केंद्रात समाजसेविका होत्या. मुलांच्या मनाचं काम करणारे आपण सगळे विखुरलेले. कुणी रामटेकच्या शाळेत, कुणी भिवापूरच्या दवाखान्यात. ताईंनी एक वही काढली. ती टपालानं आपल्यात फिरायची. नियम दोनच. मुलाचं नाव लिहायचं नाही, आणि आधी आपली चूक लिहायची.

आपली चूक! कशासाठी? मला संशय आला. ही वही शेवटी केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर जात असणार. तुमच्यापैकी कुणालाच असं वाटलं नव्हतं?

मी ताईंची परीक्षा घेतली. वहीत एक खोटी मुलगी लिहिली. नऊ वर्षांची, बोलणं बंद केलेली. मी तिला चारचौघांत दटावलं, ही माझी खोटी चूक. आणि साहेब कधी बोलावतात याची वाट पाहत बसलो.

साहेबांनी बोलावलं नाही. वही उत्तरांनी भरून आली. भिवापूरच्या नर्सबाईंनी तर तीन पानं लिहिली होती. पाठोपाठ रामटेकचे गुरुजी स्वतः बसनं आले. हातात रंगीत खडूंची पेटी.

"म्हटलं, पोरीले भेटूनच जातो."

मी सांगितलं, तिच्या वडिलांची बदली झाली. गुरुजी खडू ठेवून गेले.

ताई दाराशी उभ्या होत्या. "काहून गा, पोरगी हाये कुठं?"

"पोरगी नाहीच, ताई."

"म्हंजे गुरुजी तुलेच पाहाले आले म्हन की!" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "वहीत लिहून टाक. आपली चूक. नियम हाये."

मी लिहिलं नाही. दोन वर्षं. घरी डायरीत लिहिलं. तिथं कोण वाचतं? उलट ताईंवरच नजर ठेवली. यांनी कुणाला सांगितलं तर नाही? आजही आत येताना मी तुमचे चेहरे तपासले.

मघाशी दारात गुरुजींनी विचारलं, "भाऊ, ती पोरगी बोलाले लागली का?"

म्हणजे ताईंनी सांगितलं नव्हतं. पण क्षणभर वाटलं, यांना माहीत आहे, मुद्दाम विचारताहेत. बघा, संशय अजून जात नाही.

गुरुजी, ती मुलगी नव्हती. ताईंची आणि तुमची परीक्षा पाहायला मी ती रचली होती. वही इथं टेबलावर आहे. पुढं ती माझ्याकडे पाठवायची की नाही, तुम्ही ठरवा. तोवर मी बाहेर थांबेन.

त्याआधी ताईंसाठी दोन मिनिटं उभे राहू या.