उकळून, गाळून

अप्पाजी: बाटली भरली ना मॅडम? मग आता फोटो. बोअर, बाटली आन् तुम्ही, तिघं एका फोटोत यायला पाहिजे. नाहीतर तालुक्याला पटत नाही.

ज्योती: काढा फोटो. पण मला आधी सांगा, लोक अजून हेच पाणी पितात?

अप्पाजी: मग कुठलं पिणार? नळ तर घरोघर बसलेत. तोटीवर कावळा बसतोय, पाणी काय अजून आलं नाही.

ज्योती: पावसाळ्यात मी ह्याच बोअरचा नमुना नेला होता. ‘पिण्यास अयोग्य’ असं आम्ही प्रयोगशाळेतून तालुक्याला कळवलं. तालुक्यानं तुमच्या पंचायतीला कळवलं असेल.

अप्पाजी: कळवलं की! मी वॉटरमन, सगळ्यात आधी मलाच बोलावलं. कारवाईपण झाली.

ज्योती: काय कारवाई?

अप्पाजी: ती बघा, कचऱ्याची गाडी. वर भोंगा दिसतोय? रोज सकाळ-संध्याकाळ गावभर फिरवतो मी. मागं जुलाबाची साथ आलती, तवा माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं. कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. ‘माता-भगिनींनो, पाणी उकळून, गाळून प्या.’ तेच परत लावलं. मेंबर म्हणाले, अप्पाजी, तू रेडिओत पाहिजे होतास.

ज्योती: उकळून?

अप्पाजी: आन् गाळून. पहिलं एक पोरगं गाडी चालवायचं, ते भोंगा बंद ठेवून हिंदी गाणी लावायचं. म्हणून मेंबरांनी वायर गाडीच्या किल्लीलाच जोडून टाकली. किल्ली फिरवली की आवाज सुरू. आता कुणाचं काय चालत नाही.

ज्योती: पण उकळा म्हणून सांगायला कुणी सांगितलं?

अप्पाजी: कुणी सांगायला कशाला पाहिजे? पाणी वाईट, तर उकळायचं. पंचायतीचे पीडीओ साहेब म्हणाले, अनौन्स कर. मी केलं. का हो? काय चुकलं?

ज्योती: जुलाब जंतूंनी होतात, अप्पाजी. पाणी उकळलं की जंतू मरतात. ह्या पाण्यातली अडचण जंतूंची नाही. ह्यात नायट्रेट आहे. मर्यादेच्या कितीतरी वर.

अप्पाजी: मग ते नाही मरत?

ज्योती: ते जिवंतच नाही. मरणार कसं?

अप्पाजी: आलं कुठनं पण ते? आमच्यात कारखाना नाही, काय नाही. एका बाजूला जंगल, एका बाजूला ऊस.

ज्योती: उसाला घातलेला युरिया. बोअरच्या वरच्या अंगाला असलेला तो उकिरडा. पावसाबरोबर मुरतं खाली.

अप्पाजी: पण बघा की पाणी. काच आहे काच.

ज्योती: दिसत नाही ते. वास नाही, चव नाही. तुम्हाआम्हाला लगेच काही होतही नाही. तान्ह्या बाळाला होतं. वरच्या दुधात हे पाणी घातलं तर. गावात आहे का असं कुणी?

अप्पाजी: सोनाक्काची कौसल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. तिचे दिवस भरत आलेत, पण अजून व्हायचीय. आन् मग... नागुअक्काची नात. ती बघा, घागर घेऊन येतेच आहे. काखेत पोर, डोक्यावर घागर. नागुअक्का! इकडं ये गे! धारवाडच्या मॅडम आल्यात, पाणी तपासायला.

नागुबाई: आल्या व्हय? बरं झालं बाई. बघा, बघा. घागर हितं ठेवते. जरा दमलेय. ही पोरगी आज लई जड लागायलीय, अंगच टाकूलंय लेकरू.

ज्योती: काय नाव बाळाचं?

नागुबाई: आरुषी. आमच्या रवीनं ठेवलंय. मला आधी म्हणताच येत न्हवतं. अळणावरला लाकडाच्या डेपोत हाय तो. सून हुबळीला शिलाईच्या कंपनीत. पहाटेच्या रेल्वेनं जातीया, अंधार पडल्यावर येतीया. तिला दूध आलं न्हाई बाई. गाईचं दूध पाणी घालून मीच पाजते.

ज्योती: अक्का, टोपडं जरा मागं करता? उजेडाकडं वळवा तिला.

नागुबाई: नजर लावू नका हं. हसते मी, रागावू नका. दिसाय गोरी हाय, पण आता जरा काळवंडलीया.

ज्योती: ओठ कधीपासून असे आहेत?

नागुबाई: पिकल्या जांभळावाणी? झाले की दिवस. आधी नखं निळी पडली. सिस्टर म्हणाली, काळजाचं काहीतरी असंल, हुबळीच्या मोठ्या डॉक्टरला दावा. त्यांची तारीख मिळालीया, दिवाळी झाल्यावरची. तोवर सिस्टर म्हणाली, पाण्याचं तेवढं जपा.

ज्योती: मग तुम्ही पाण्याचं काय करता?

नागुबाई: ते इचारूच नका बाई. गावात कुणी करत नसंल तेवढं करते. ह्या अप्पाजीचा आवाज आला की उठते, आन् उठले की चूल. वावडिंग घालायचं, आन् अर्धं होईस्तोवर आटवायचं. आमची सासू तसंच करायची तान्ह्यांना. मग फडक्यातनं दोनदा गाळते. बिनउकळलेल्या पाण्याचा थेंब गेला न्हाई हिच्या तोंडात. तुमच्या गळ्याची आण.

अप्पाजी: खरं आहे मॅडम. गावातल्या बायकांना मी हिचंच नाव सांगतो. नागुअक्काकडं बघून शिका म्हणतो.

ज्योती: अप्पाजी, जरा गप्प बसा.

नागुबाई: का हो? काय झालं?

ज्योती: काही नाही. अक्का, आधी हिला दवाखान्यात न्यायला पाहिजे. धारवाडला. आत्ता.

नागुबाई: आत्ता? तारीख हाय की आमची.

ज्योती: तारखेपर्यंत थांबायचं नाही. मला वाटतं हे काळजाचं नाही. अप्पाजी, तुमच्या फोनवरून एकशेआठला लावा. मी तुमच्या पंचायतीच्या पीडीओ साहेबांना लावते.

अप्पाजी: लावतो. हॅलो... हॅलो, होय, आंब्युलन्स... कनेक्ट होतंय म्हणतंय.

ज्योती: सर, नमस्कार. वॉटर लॅबमधून ज्योती बोलतेय. हो, तुमच्याच गावात, बोअरवर... सर, हे बोअर आज बंद करायला पाहिजे... नाही, मला अधिकार नाही. म्हणून तर तुम्हाला... हो, लोक चिडतील, मला कळतं... मग टँकर?... माहीत आहे सर, तालुका दुष्काळी यादीत नाही. पाऊस चांगला झाला म्हणूनच तर हे सगळं खाली मुरलं... बरं. निदान भोंग्यावरचं ते वाक्य... नाही सर, उकळू नका असं सांगायचं आहे... लेखी? कुणाचं?... हो... बरं, आयतु सर. आयतु, ठेवते.

अप्पाजी: काय म्हणाले?

ज्योती: बोअर बंद केलं तर लोक पंचायतीला कुलूप घालतील. टँकर दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यालाच मिळतो. आणि भोंग्यावर काय बोलायचं ते तालुक्यानं लेखी द्यायला पाहिजे.

अप्पाजी: मग तालुका कधी देणार?

ज्योती: दुसऱ्या तपासणीचा निकाल आल्यावर.

अप्पाजी: दुसरी कुठली तपासणी?

ज्योती: ही. माझ्या हातातली बाटली.

अप्पाजी: एन माडोदु मॅडम. काय करायचं. आंब्युलन्सवाले पण म्हणतात, अळणावरची गाडी पेशंट घेऊन गेलीय. ती परत आल्यावर पाठवतो म्हणाले.

नागुबाई: बाई, मघाशी तुम्ही काय म्हणालात फोनवर? उकळू नका?

ज्योती: अक्का...

नागुबाई: मला कानानं ऐकू येतंय अजून. आन् तुम्ही शिकलेली माणसं फोनवर खरं बोलता. सांगा की.

ज्योती: तुम्ही आमटी करता ना?

नागुबाई: करते की.

ज्योती: मीठ घालून झालंय आणि आमटी चुलीवर तशीच राहिली, आटली. मग कशी लागते?

नागुबाई: कशी लागतीया, खारट. पाणी जातंय, मीठ काय जातंय व्हय?

ज्योती: ह्या पाण्यात तसंच एक मीठ आहे. खताचं. बाळाच्या रक्ताला ते सोसत नाही. रक्त अंगभर हवा पोचवतं, ते काम बंद पडत जातं. म्हणून ओठ निळे.

नागुबाई: मी अर्धं होईस्तोवर आटवते.

ज्योती: हो.

नागुबाई: आन् ही निळी दिसाय लागली, तवापासनं आणखी आटवते. वाटलं, माझंच कुठंतरी कमी पडूलंय.

ज्योती: तुमचं काही कमी पडलं नाही, अक्का.

नागुबाई: ते कळलं आता.

अप्पाजी: नागुअक्का, मला जे सांगितलं ते मी...

नागुबाई: तुला कुणी काय म्हणालंय का रे? तू आपला सांगत होतास. आमी आपलं ऐकत होतो. अप्पाजी, सिस्टरनं सांगितलं, तू सांगितलंस, माझी सासू सांगून मेली. चुकीचं कुणी सांगितलं, ते मला शोधूनपण मिळंना.

ज्योती: अक्का, हिला शेवटचं दूध कधी पाजलं?

नागुबाई: आत्ताच, निघायच्या आधी. दुपारचं पाणी पण करून ठेवलंय घरात, तांब्यात झाकून.

ज्योती: ते ओतून टाका. माझ्या पिशवीत ही बाटली आहे, घरून आणलेली. धारवाडला आमच्या मळमड्डीतल्या नळाचं पाणी आहे. वाटेत लागलं तर हेच द्या.

नागुबाई: हे उकळू काय?

ज्योती: हे... उकळलं तर चालेल. एकच उकळी आणायची. आटवायचं नाही.

नागुबाई: चालंल, आन् आटवायचं न्हाई. आन् ही बाटली संपली की?

ज्योती: तोवर तुम्ही दवाखान्यात असाल.

नागुबाई: दवाखान्यातनं घरी आल्यावर?

ज्योती: मी काहीतरी बघते.

नागुबाई: तुम्ही रोज धारवाडहून बाटली घेऊन येणार?

ज्योती: नाही.

नागुबाई: बरं केलंत, खरं बोललात. नायतर मी वाट बघत बसले असते.

अप्पाजी: मॅडम, बसची वाट बघू नका. मधली गाडी आज नाहीच. रवीला फोन केलाय, डेपोतनं बाईकवर निघतोय, पण त्यालापण वेळ लागणार. कचऱ्याच्या गाडीत जाऊ या. पुढं तिघं बसतात. मागं काय कचरा असंल ते असंल, काच लावून घेऊ.

ज्योती: पंचायतीची गाडी गावाबाहेर नेता येते?

अप्पाजी: नाही येत. मला विचारलं तर सांगीन, मॅडमनी नेली.

ज्योती: सांगा. अक्का, घागर राहू दे इथंच. हिला सरळ धरा, मान उचलून. तिथं एक इंजेक्शन असतं, त्यानं रक्त परत ताळ्यावर येतं. वेळेत पोचलो तर. डॉक्टरांनी विचारलं तर मी सांगेन. मी नसले तर तुम्ही सांगायचं, बोअरचं पाणी, नायट्रेट. म्हणा बघू.

नागुबाई: बोअरचं पाणी. नायट्रेट.

ज्योती: बरोबर.

नागुबाई: आन् त्यांनी म्हटलं, उकळून का नाही पाजलं, तर?

ज्योती: तर... मी असेन तिथं. मी येतेय ना तुमच्याबरोबर.

नागुबाई: बाई, रडू नका हो तुम्ही. तुम्ही रडलात तर मी कुणाकडं बघू? आरुषी... ए गुलाबो... डोळे उघड गे. बघ, गाडीत बसवूलोय तुला. तुझ्या बापानं पण बसवलं न्हवतं अजून गाडीत.

अप्पाजी: बसलात? दार जोरात ओढा, लागत नाही ते.

(गाडीची किल्ली फिरते.)

भोंगा: माता-भगिनींनो, पंचायतीतर्फे सर्वांना कळविण्यात येते, पाणी उकळून, गाळून प्या. लहान मुलांना विशेष काळजी घेऊन...

ज्योती: बंद करा ते.

अप्पाजी: होत नाही मॅडम. किल्लीलाच आहे. गाडी चालू तर हे चालू.

ज्योती: वायर तोडा.

अप्पाजी: वायर वरनं आहे, टपावरनं. थांबू काय? शिडी आणायला लागंल.

नागुबाई: थांबू नको. चल तू. लेकरू गार पडूलंय. चल.

भोंगा: ...पाणी उकळून, गाळून प्या. माता-भगिनींनो...

नागुबाई: सोनाक्काचं दार आलं. अप्पाजी, जरा हळू कर. सोनाक्का! ए सोनाक्का! नको गे ठेवू! उकळायचं न्हाई म्हणतात! तुझ्या कौसल्याला सांग!

ज्योती: ऐकू गेलं का त्यांना?

नागुबाई: कुठलं जातंय. ह्याचा आवाज मोठा हाय. हात करूलीय बघा. हसूलीय.

सोनाबाई: ऐकलं गे नागू, ऐकलं! चुलीवरच हाय, केव्हाचं उकळूलंय!