डावा पाय फिरायला

पुई-शान : आई, इथं नको. या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी आहे.

लान : माझीच आहे गं. आधी येऊन ठेवली. उचल आणि बस पटकन, दारात रांग बघ किती.

पुई-शान : पण टेबलाला दोघीच? इथं तर अनोळखी माणसं एकमेकांच्या ताटात कोपर घालून जेवतात.

लान : रविवारी मला सूट असते. हं, चॉपस्टिक चहात धुऊन घे.

फोंग : काय लान ताई, लावली का लेकीनं गाडी? की आजही... अगं बाई! ही कोण?

लान : हीच. माझी लेक, आ-शान.

फोंग : म्हणजे खरंच आहे की ही! सुंदरी, तुझ्यापायी वर्षभर मालकाची बोलणी खाल्लीत मी. दर रविवारी ताई पिशवी टाकून खुर्ची अडवतात. समोर कुणाला बसवायला गेले की म्हणतात, "लेक गाडी लावतेय, आलीच." दोन वाट्या, दोन सूप. सूप गार होतं, तरी तुझी गाडी काही लागत नाही!

पुई-शान : मी... हो. या भागात जागा मिळत नाही ना गाडीला.

फोंग : आणि उठताना तुझ्यासाठी भाजलेल्या हंसाच्या पायाचं पार्सल. डावाच हवा, तो जास्त मऊ असतो म्हणे. मग आमच्या पार्सलच्या बोलीत मी आत ओरडते, "एक डावा पाय फिरायलाऽ!" एवढे पाय फिरत तुझ्या घरी आले, तरी तू अशी काटकुळी कशी गं?

लान : फोंग, बाकीची टेबलं ओरडतायत बघ.

पुई-शान : अंगीच लागत नाही माझ्या. पण छान असतो. घरी गेल्यावरसुद्धा कातडी अगदी कुरकुरीत.

फोंग : कुरकुरीत? डब्यातली? दहा मिनिटांत मऊ पडते ती... बरं, असेल. तू पुन्हा गरम करत असशील. आलेच मी सूप घेऊन.

पुई-शान : आई, तो पाय कोण खायचं?

लान : मीच. सोमवारी भातावर घ्यायचा, मंगळवारी हाडं पेजेत.

पुई-शान : मी तुला सांगायचे, रविवारी ऑफिस असतं म्हणून.

लान : हो.

पुई-शान : नसायचं गं. सासूबाईंबरोबर हॉटेलात जायचो आम्ही, पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या. त्यांना इथं कसं आणायचं, असं वाटायचं मला. हे तेलकट टेबल, काचेत लटकलेले हंस, आणि तू हाडं चोखून टेबलावर ठेवणार.

लान : ठाऊक आहे. दर रविवारी संध्याकाळी नात फोनवर सांगायची, आज कुठली कोळंबी खाल्ली ते.

पुई-शान : मग बोलली का नाहीस कधी?

लान : बोलले असते तर आली असतीस, तोंड पाडून. तसल्या तोंडासमोर मला घास उतरत नाही.

पुई-शान : लाज वाटतेय गं मला. मान वर करवत नाही. आणि त्यात आज मी तुला सांगायला आले होते की...

लान : गुरुवारचं विमान आहे. मँचेस्टर, कायमचं.

पुई-शान : हेही तिनंच सांगितलं?

लान : तिकडच्या खोलीचं चित्रसुद्धा काढून दिलंय मला. पडदे पिवळे आहेत म्हणे. तुमच्या घरात तोंड शिवलेलं माणूस एकच, तू.

पुई-शान : तू आज बोलावलंस, आणि मला वाटलं, हे ऐकून अडवशील. म्हणून येताना मी भांडायच्या तयारीनं आले.

लान : अडवू कशाला? तुझा संसार आहे. मला एवढंच, या फोंगला वाटायला लागलं होतं, म्हातारीला मुलगीच नाही. मागच्या महिन्यात काही न विचारता तिनं दुसरं सूप आणून ठेवलं आणि माझा खांदा थोपटून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. म्हटलं, तू जायच्या आधी एकदा हिला माझी लेक दाखवावी.

(पुई-शान आईच्या पेल्यात चहा ओतते.)

फोंग : हे घ्या सूप. दोन्ही गरम आहेत आज! आणि ताई, डावा पाय राखून ठेवलाय. नेहमीसारखा फिरायला ना?

पुई-शान : फोंग ताई, ऐका. मी कधी गाडी लावत नव्हते. गाडीच नाही आमच्याकडे. मी येतच नव्हते. तो पाय मी एकदाही खाल्लेला नाही.

फोंग : कळलं गं मला. कातडीवरूनच कळलं.

लान : झालं का तुमचं? फोंग, पाय ताटात आण. तुकडे करून, गरम गरम. आज ती इथं बसलीय.

फोंग : आणते. आणि पुढच्या रविवारी, ताई?

लान : पुढच्या रविवारी पिशवी मांडीवर ठेवीन. समोर कुणालाही बसव.