दगडांवर चढणारी गाडी

बारक्या: थांब, सोड ती रिमोटची दांडी. ताई, ही पुढे जायचं सोडून जागच्या जागी का थरथरतेय?

ताई: मला काय विचारतोस? कारागीर तू. आणि हळू बोल, बाबांचा आत्ताच चाकाच्या खुर्चीत डोळा लागलाय.

बारक्या: उचल बरं तिला. चारी चाकं हवेत धर. आता दांडी पुढे करतो. बघ.

ताई: पुढची चाकं पुढे फिरतायत.

बारक्या: आणि मागची?

ताई: मागची मागे. घरच्यांवर गेलीय गाडी.

बारक्या: टोमणे मागाहून मार. पुढचा ॲक्सल तू जोडलास ना? त्यातला क्राउन, ते मोठं दातेरी चाक, कुठल्या बाजूला बसवलंस?

ताई: तू फोनवर सांगितलंस तिथे. "तुझं डावीकडे, माझं उजवीकडे." डावीकडे बसवलं.

बारक्या: कुणाच्या डावीकडे?

ताई: माझ्या. मी खुर्चीत, ॲक्सल टेबलावर, तोंड माझ्याकडे. माझ्या डाव्या हाताला.

बारक्या: अगं, गाडीच्या डावीकडे. ड्रायव्हर बसतो तसं मागून बघायचं. सगळं जग तसंच बघतं.

ताई: हातभर लांब रिमोटची गाडी, तिच्यात ड्रायव्हर कुठे बसवू? तू मागून बघून सांगितलंस, मी समोरून बघून ऐकलं. झालं.

बारक्या: दोन्ही क्राउन एकाच बाजूला आले. म्हणून एक ओढतोय इकडे, एक तिकडे. खोलायला लागणार. आठ स्क्रू.

ताई: तूच खोल. मला ते बारीक स्क्रू आता दिसत नाहीत. परवा एक हातातून सुटला तर ओणवी होऊन शोधत बसले, आणि उठताच येईना. बाबांनी आतून विचारलं, काय पडलं? म्हटलं, मी.

बारक्या: पाठ दाखवलीस डॉक्टरला?

ताई: दाखवली. म्हणाले, वजन उचलू नका. म्हटलं, आमच्याकडे त्या वजनाला बाबा म्हणतात.

बारक्या: ताई, मला एक महिना दे. एकच.

ताई: मी देऊन काय होतंय? शुश्रूषा केंद्रवाल्यांनी खाट उद्या सकाळपर्यंतच राखून ठेवलीय. हो की नाही, नऊच्या आत कळवायचंय. यादीत आपल्यामागे चौदा जण आहेत. आज नाही म्हटलं तर पुन्हा नंबर कधी लागेल, देव जाणे.

बारक्या: म्हणूनच ही गाडी पुरी करायची धडपड चाललीय माझी. फिजिओवाली काय म्हणाली होती? अर्धांगाच्या झटक्यानंतर सहा महिन्यांत हात हलला तर हलला. पाच झाले. तिने दिलेला तो रबरी चेंडू तर बाबा दाबतच नाहीत.

ताई: "मी काय तान्हा आहे?" म्हणाले आणि खिडकीबाहेर फेकला. डाव्या हाताने.

बारक्या: नाहीच दाबणार. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं खाणीत डंपर चालवला, त्याच्यासमोर दांडी आली की हात आपसूक जाईल. म्हणून तर रिमोट उघडून सगळं एकाच दांडीवर आणलं. पुढे, मागे, डावी, उजवी. वरची मूठ लेथवर वळवली, त्यांच्या डंपरच्या गिअरची असायची तेवढी. आणि ती त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला आवळायची. मुद्दाम उजव्या.

ताई: उजवा हात गेलाय, बारक्या.

बारक्या: असं म्हणू नकोस.

ताई: रोज धुते मी तो. बोटं उलगडून, एकेक. मला कळत नाही का? तू शनिवारी येतोस, त्यांच्याशी गप्पा मारतोस, रविवारी संध्याकाळी निघून जातोस. तुझ्या वाट्याला बाबा येतात. माझ्या वाट्याला त्यांचं अंग येतं.

बारक्या: वर्कशॉपला कुलूप लावून येऊ का इथे?

ताई: नको येऊस. तेच सांगतेय. तुला जमत नाही आणि मला झेपत नाही. यात कुणाचा दोष काढलाय का मी?

बारक्या: त्यांना तिथे सोडून आलो तर लोक काय म्हणतील, विचार केलास?

ताई: लोकांना सांग, रात्री बाराला येऊन त्यांची कूस बदला. एक जण फिरकायचा नाही.

बारक्या: लोकांचं जाऊ दे. माझं सांगतो. सायकल शिकवताना दीड मैल मागे धावले होते ते, सीट धरून. त्यांना परक्यांच्या हवाली करून मी जेवायला कसा बसू?

ताई: आणि मला काय गोड वाटतंय? फॉर्म भरताना "रुग्णाशी नातं" असा रकाना होता. तिथे मुलगी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अर्धा तास तशीच बसून होते. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी भरला.

बारक्या: का पण? इतकी घाई का?

ताई: गेल्या मंगळवारी बाथरूममध्ये नेताना माझ्या हातून सुटले ते. दोघंही खाली. त्यांना उचलता येईना, मला उठता येईना. वीस मिनिटं ओल्या फरशीवर बसून होतो. शेवटी दूधवाल्याने हात दिला.

बारक्या: हे मला आज सांगतेस?

ताई: तीन तासांच्या वाटेवर असतोस. तिथून हात देणार होतास?

बारक्या: झाकण धर. क्राउन पलटला. आता हे चार स्क्रू तू आवळ, चार मी.

ताई: नाही दिसत म्हटलं ना.

बारक्या: चष्मा डोक्यावर आहे तुझ्या.

ताई: हं. आहे खरा. दे इकडे.

बारक्या: आता उचल. बघ, चारी चाकं?

ताई: पुढे. चारी पुढे.

बाबा: (आतल्या खोलीतून) आणा... ती... इकडे.

ताई: जागे होय तुम्ही? कधीपासून?

बाबा: बाहेर... न्या मला. अंगणात.

ताई: बारक्या, खुर्चीचा ब्रेक सोड आणि उंबऱ्याशी जपून. बाबा, पाय वर घ्या. म्हणजे, मी घेते. हं, झालं. ऊन लागतंय का?

बाबा: लागू दे.

बारक्या: हे बघा बाबा, ही गाडी दगडांवर चढते. पळत नाही, मुंगीसारखी चालते. तो ढीग दिसतोय ना, तुमच्या खुर्चीसाठी बाथरूमचं दार रुंद केलं तेव्हाच्या विटा? त्याच्यावर न्यायची. ही दांडी. तुमचा उजवा हात मी ठेवतो मुठीवर. असा. आता जरासं पुढे ढकला. एवढंसंच. घाई नाही.

बाबा: नाही.

बारक्या: अजून एकदा. मी मनगट धरतो, तुम्ही फक्त...

बाबा: बारक्या. हात... गेलाय. तुला... कळतंय. काढ. डावीकडे लाव.

बारक्या: डावीकडे लावली तर मग उजव्याला काही कामच राहणार नाही, बाबा.

ताई: लाव. ऐक त्यांचं.

बारक्या: लावतो. थांबा, पाना कुठे गेला... हं. लावली.

बाबा: वजन... किती?

बारक्या: साडेतीन किलो. चाकांच्या आत पितळी कडी घातलीत. बॅटरीही अगदी खाली.

बाबा: बरोबर. वजन... खाली हवं.

ताई: अहो, सरळ ढिगावरच घातली की. उलटेल.

बाबा: नाही उलटत. टायरला... दगड धरू द्यायचा. मग... जरासं. घाई केली की... घासतो.

ताई: अडकली. त्या तिरक्या विटेच्या कडेला.

बाबा: अडकली नाही. थांबलीय. मागे... थोडी. आता... डावी.

बारक्या: चढली. बाबा, चढली ती.

बाबा: पुढचा ॲक्सल... कुणी जोडला?

ताई: मी.

बाबा: घट्ट आहे. मागचा... खडखडतो.

ताई: ऐकलंस?

बारक्या: ऐकलं. बाबा, किती दिवसांनी हसलात. रोज चालवा. मी ढिगात अजून मोठे दगड आणून टाकतो. पुढच्या शनिवारी...

बाबा: उद्या... किती वाजता?

बारक्या: काय उद्या?

बाबा: मला... न्यायला येणार ते.

बारक्या: कुणी नेत नाही तुम्हाला. अजून काही ठरलेलं नाही.

बाबा: हात गेला. पाय गेला. कान... आहेत.

ताई: बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते. संध्याकाळी, तिघं बसलो की...

बाबा: थांब. मला... वेळ लागतो बोलायला. रात्री लघवी लागते. दोनला. हाक... मारत नाही. धरून ठेवतो. सहापर्यंत. तू उठताना... कण्हतेस. ते... ऐकवत नाही.

ताई: चार तास? रोज?

बाबा: रोज.

ताई: आणि मी तिकडे जागीच असते हो. हाक ऐकू यावी म्हणून पाच महिने दार उघडं ठेवून पडते. आवाज नाही आला की वाटतं, झोप लागली वाटतं बाबांना.

बाबा: मला वाटायचं... तुला लागली.

बारक्या: आणि मी इथे मुठी वळवत बसलो.

बाबा: मूठ... चांगली वळवलीस. तिथे... रात्री माणूस असतो?

ताई: दोघं असतात. खाटेला बेल आहे. दाबली की येतात.

बाबा: मग... हो कळव.

बारक्या: तुम्हाला करमणार नाही तिथे, बाबा.

बाबा: नाही करमणार. इथे तरी... कुठे करमतंय? तू शनिवारी... तिकडे ये.

बारक्या: येईन. एकही शनिवार चुकवणार नाही.

ताई: मी रोज येईन.

बाबा: रोज नको. आधी... पाठ.

ताई: मला तुम्हाला टाकायचं नव्हतं, बाबा. खरंच नव्हतं.

बाबा: माहीत आहे. मी... पाहिलंय.

ताई: दहाला गाडी येते त्यांची.

बारक्या: मी आज जात नाही. बाबांच्या खोलीत खाली गादी टाकतो. दोनला मीच उठून विचारतो, हाक मारायचीही गरज नाही. सकाळी दाढीही मी करतो.

बाबा: ब्लेड... नवं घाल.

ताई: मग आज मी दार लावून झोपते.