ताजे खाते, इन्साफ हमूद यांच्या नावे

जबाब
सैदा शहर पोलीस ठाणे, लेबनॉन. मंगळवार, दि. १८ एप्रिल २०२३, दुपारी.

नाव: इन्साफ, दिवंगत फवाझ हमूद यांची पत्नी. वय: ५७. धंदा: मामूल तयार करून विकणे (आधी ‘गृहिणी’ असे लिहिले होते, माझ्या सांगण्यावरून खोडून दुरुस्त केले). राहणार: जुनी पेठ, साबण गल्लीच्या मागे, सैदा.

मी वरील बाई आज आपल्या पायांनी ठाण्यात आले असून, समोर बसून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की,

मी वरील पत्त्यावर राहते. तळमजल्यावर माझे स्वयंपाकघर आहे. तिथे मी आणि आणखी काही बायका खजूर, पिस्ता आणि अक्रोड भरून मामूल, म्हणजे सणाची रव्याची बिस्किटे, करतो. त्यांत माझी धाकटी जाऊ सामिया हीसुद्धा आहे. आमचा माल ईदेला आणि ईस्टरला माँट्रियल, सिडनी, आबिदजान इथे गेलेल्या आपल्या लोकांकडे जातो. ते डॉलरमध्ये पैसे पाठवतात.

मिस्टर बंदरावर जकात कचेरीत कारकून होते. निवृत्तीचे पैसे त्यांनी डॉलरमध्ये करून बँकेत ठेवले होते. २०१९ साली बँकांनी दारे लावली. त्या खात्यात आजही आकडा दिसतो, पैसे मिळत नाहीत. मिस्टरांच्या औषधांसाठी मी त्या बँकेत किती वेळा गेले असे मला आत्ता विचारण्यात आले. मला आठवत नाही. मिस्टर २०२१ च्या फेब्रुवारीत वारले. त्याबाबत आज माझी तक्रार नाही.

त्यानंतर मी धंदा वाढवला. बँकेचे नाव काढले तरी मला नको वाटे, म्हणून परदेशातले पैसे माझे दीर मुनीर हमूद यांच्या खात्यावर येत. मुनीर यांचे मोबाइलचे दुकान आहे. त्यांचे खाते ताजे आहे. बंदी आल्यानंतर बाहेरून आलेले डॉलर ज्या खात्यात येतात आणि डॉलरच परत मिळतात, त्याला आमच्याकडे ताजे खाते म्हणतात. मुनीर मला त्याचे देशी लिरा देत, त्यांना परवडेल त्या भावाने, त्यांना सवड होईल तेव्हा. सामिया त्यांची बायको, तिची मजुरी ते देतच नसत. घरातले पैसे घरातच राहिले, असे म्हणत.

मागच्या ईदेनंतर माँट्रियलच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला. ती म्हणाली, “मावशी, पैसे पोचले ना? ईदेच्या आधीच पाठवलेत.” मी मुनीर यांना विचारले. ते म्हणाले, “बँकेत अडकलेत, वहिनी.” हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते. त्याच आठवड्यात मी स्वतःच्या नावाने खाते उघडायचे ठरवले.

मी तीन बँकांत गेले. मला डॉलरचे खाते हवे होते आणि त्यावर माझ्या नावाचे कार्ड हवे होते. कार्ड यासाठी, की मशीनमधून डॉलर हातात यावेत आणि पार्सल कंपनीचे पैसे घरबसल्या भरता यावेत. पहिल्या बँकेत सोफा चांगला होता. पण मोठी रक्कम कायम पडून राहू द्या म्हणाले. मी म्हणाले, “पडून असलेले माझे आधीच आहेत.” दुसऱ्या बँकेचे कार्ड फक्त देशात चालणार होते. तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला: “उद्या पुन्हा दार लावलंत तर?” पहिल्या बँकेतला माणूस म्हणाला, “अल्ला न करो.” दुसऱ्या बँकेतला हसला.

तिसऱ्या बँकेत रगीदा नावाची मुलगी होती. ती हसली नाही. ती म्हणाली, “मावशी, लावणार नाहीत असं मी सांगू शकत नाही. माझ्या बाबांचेही अडकलेत. तुम्ही इथे लागतील तेवढेच ठेवा. बाकीचे काढत राहा. कार्ड त्यासाठीच घ्यायचं.” पैसे काढण्याचे शुल्क किती, महिन्याची फी किती, कार्ड हरवले तर काय करायचे, हे तिने मी न विचारता सांगितले. फी दुसऱ्या बँकेपेक्षा जास्त होती. मी तिथेच खाते उघडले. खरे सांगितले म्हणून उघडले, असे लिहून घ्यावे.

तिने उत्पन्नाचे साधन काय असे विचारले. मी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. ती म्हणाली, “मावशी, हा पुरावा बँकेत जमा होणार नाही.” मी म्हणाले, “मग तुमच्यात होईल.” पुरावा सगळ्या शाखेत जमा झाला. नंतर मी पार्सलच्या पावत्या दिल्या.

या वर्षी रमजान सुरू होण्याआधी मी सगळ्या गिऱ्हाइकांना नवे खाते कळवले. दुसऱ्याच दिवशी मुनीर स्वयंपाकघरात आले. आम्ही साचे ठोकत होतो. ते म्हणाले, “वहिनी, तुम्हाला रवा कळतो, तूप कळतं. पैसा मला कळतो. बाईमाणसाने मशीनपुढे उभं राहायचं, लोक काय म्हणतील?”

मी म्हणाले, “भावजी, लोक पैसे पाठवतात. म्हणत काही नाहीत.”

ते सामियाला म्हणाले, “तू तरी सांग हिला.”

सामिया मान वर न करता म्हणाली, “मी काय सांगणार? मला कुठे पैशातलं कळतं? मी तर कधी बघितलाच नाही.” बाकीच्या बायका हसल्या. मुनीर यांनी मेजावर हात आपटला, तेव्हा पिस्त्यांचे ताट खाली गेले. पिस्ते आम्ही धुऊन घेतले. त्या वेळी मी तक्रार केली नाही.

आज सकाळी बायकांची ईदेची मजुरी द्यायची होती. माँट्रियलचे पैसे आले का हे पाहायला मी भाजी बाजाराजवळच्या मशीनवर गेले. सामिया सोबत होती. त्या मशीनमधून लिराच निघतात, डॉलर मुख्य शाखेतच मिळतात. पण शिल्लक दिसते. मी कार्ड पहिल्यांदाच वापरत होते, म्हणून मला वेळ लागत होता. मुनीर कधी मागे येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. “सरका, मी दाखवतो,” असे ते म्हणाले. मी म्हणाले, “दिसतंय मला.” पैसे आले होते. मी सामियाला तसे सांगितले. कार्ड बाहेर आले, ते मुनीर यांनी ओढून घेतले आणि शर्टाच्या खिशात घातले. ते म्हणाले, “हे हमूद घराण्याचं आहे. माझ्याकडे सुरक्षित राहील.” मी कार्ड परत मागितले. त्यांनी माझा हात झटकला. ते गाडीत बसून गेले. रांगेतले लोक पाहत होते.

मी त्यांच्या मागे धावले नाही. बँकेचा नंबर रगीदाने माझ्या फोनमध्ये आधीच घालून दिला होता. पलीकडच्या माणसाने ओळख पटवण्यासाठी माझ्या आईचे नाव विचारले. भर बाजारात, कोबीवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून मी मोठ्याने सांगितले, “रसमिया.” कार्ड तिथल्या तिथे बंद झाले. आई वारल्यापासून तिचे नाव मी इतक्या मोठ्याने घेतले नव्हते. हे तक्रारीशी संबंधित नाही, पण मला सांगायचे होते.

सामिया म्हणाली, “ताई, ते शाखेत जातील. तुम्ही दाबलेले गुप्त आकडे त्यांनी मागून पाहिलेत. मला माहीत आहे ते कसे बघतात ते.” आम्ही टॅक्सी करून मुख्य शाखेत गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा मुनीर तिथल्या मशीनवर बुक्क्या मारत होते. मशीनने कार्ड गिळले होते. मागे रांग ताटकळली होती. रखवालदार अबू समरा यांनी त्यांचा हात धरला होता. मुनीर ओरडत होते, “माझं कार्ड आहे! मशीन बिघडलंय तुमचं!” आतून एक कर्मचारी मशीन उघडून कार्ड घेऊन आला. अबू समरा यांनी चष्मा वर करून नाव वाचले आणि विचारले, “तुम्ही इन्साफ का?”

रांगेतले कोणीतरी हसले. मग सगळेच हसले.

मुनीर म्हणाले, “मी तिचा दीर आहे.”

अबू समरा म्हणाले, “असाल हो. पण मशीन दिराला ओळखत नाही.”

तेवढ्यात मुनीर यांना आम्ही दिसलो. ते म्हणाले, “ही माझी बायको. विचारा तिला, मी कोण आहे ते.”

सामिया पुढे झाली. मी तिला काही शिकवले नव्हते. ती म्हणाली, “हे माझे मालक. कार्ड त्यांचं नाही.” एवढे बोलून ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.  मी तिचा हात धरला.

रगीदा बाहेर आली. तिने माझे ओळखपत्र पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारले, “मावशी, हे तुमचे कोण?” मी सांगितले, “दीर.” तिने विचारले, “खात्याशी यांचा संबंध?” मी सांगितले, “नाही.” हा शब्द मी इतक्या सहज बोलेन असे मला वाटले नव्हते.

नव्या कार्डाला दोन दिवस लागतील असे रगीदा म्हणाली. मजुरीपुरते पैसे तिने ओळखपत्रावर काउंटरवरून दिले. नोटा डॉलरच्या होत्या. मी मागितल्या आणि मिळाल्या. काउंटरवरच्या मुलाला त्यात काही विशेष वाटले नाही. मी थोडा वेळ तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. रगीदाने बरे वाटत नाही का असे विचारले. मी म्हणाले, “खूप बरं वाटतंय.”

बँकेने पोलिसांना बोलावले होते. मी स्वतःहून ठाण्यात आले. मुनीर शेजारच्या खोलीत आहेत. त्यांनी निरोप पाठवला, की घरातली गोष्ट आहे, वहिनींनी घरात मिटवावी, ते हात जोडायला तयार आहेत. साहेबांनीही मला विचारले, “ईद तोंडावर आली आहे. सख्खा दीर आहे. बघा, मिटतंय का.”

त्यावर माझे म्हणणे असे, की ईदेला मी त्यांच्या घरी मामूल पाठवीन, पिस्त्याचा. तक्रार मागे घेणार नाही. माझ्या परवानगीशिवाय कार्ड घेतले, हात झटकला आणि माझ्या खात्यातून पैसे काढायचा प्रयत्न केला, एवढे त्यांच्या नावावर लिहावे. जास्त काही लिहू नये. आधीच्या वर्षांचे जे काय आहे त्याचा हिशेब मी मागत नाही. पुढे माझ्या गिऱ्हाइकांचा एकही पैसा त्यांच्या खात्यावर जाणार नाही.

हा जबाब लिहिणे चालू असताना ठाण्याच्या बाहेरून मोठा आवाज आला. लग्नात वरात आली की बायका जीभ हलवून जो आनंदाचा चढा सूर काढतात, तो. एकीने सुरू केला आणि बाकीच्यांनी उचलला. साहेबांनी लेखणी थांबवून विचारले, “बाहेर कुणाचं लग्न आहे का?”

मी सांगितले, की लग्न नाही. स्वयंपाकघरातल्या बायका माझ्यामागून आल्या आहेत आणि पायऱ्यांवर बसल्या आहेत. मजुरीचे पैसे मी वाटायला सामियाकडे दिले होते. पहिला आवाज तिचा आहे. तिने आधी स्वतःची मजुरी घेतली असावी.

साहेबांनी शिपायाला त्यांना गप्प करायला पाठवले. शिपाई परत आला आणि म्हणाला, “ऐकत नाहीत.” खिडकी लावू का, असे त्याने विचारले. मी म्हणाले, “राहू द्या उघडी.” खिडकी उघडी ठेवूनच बाकीचा जबाब लिहिला गेला.

वरचे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. बाहेरच्या आवाजामुळे एक परिच्छेद दोनदा वाचावा लागला. त्यानंतर मी चष्मा लावून स्वतःही वाचले. मी बोलले तसेच उतरले आहे, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. खाली सही माझी आहे.

इन्साफ हमूद