फुगा जरा खाली घ्या

— नाही, नाही, चालू द्या तुमचं, मी काही अडवायला आले नाहीये. दोर सोडा, फुगा वर जाऊ द्या, तुमच्या साहेबांनी सांगितलंय ते सगळं करा. मी आपली खुर्ची घेऊन आलेय, थर्मास आणलाय, बसते इथे गवतात आणि बघते. बघायला बंदी नाही ना? कशी असेल — हा फुगा आमच्यासाठीच तर सोडताय तुम्ही. कागदावरची उंची लोकांना कळत नाही, म्हणून नव्या घरांच्या इमारतीचं छप्पर जिथे येणार तिथवर लाल फुगा चढवायचा आणि गावाने आपापल्या खिडकीतून बघून धसका घ्यायचा — पद्धतच आहे आमच्याकडे. ऑगस्टात सोडलात तेव्हा मेपलच्या पानांत कुठे दिसलाच नाही मेला. लोक म्हणायला लागले, एवढंच होय, मग बांधू देत की. झालं — आम्ही लगेच बांधकामाला परवानगी देणाऱ्या गावच्या मंडळाकडे अर्ज केला, पानं झडल्यावर पुन्हा सोडा, म्हणजे खरं रूप दिसेल. आणि ही अक्कल कोणाची? माझी. लोरेन पेल्की. हो, तीच, ‘कुरण वाचवा’ समितीची अध्यक्ष. असे एकदम ताठ नका होऊ, मी चावत नाही. डोनट घ्या, सायडरचे आहेत, सफरचंदाच्या रसातले, सकाळीच तळलेत. घ्या हो, विष घातलेलं नाही — विष संध्याकाळच्या सुनावणीसाठी राखून ठेवलंय.

तर हे आमचं कुरण. बघून घ्या नीट. ती बंद पडलेल्या दूध डेअरीची मागची भिंत, त्या गंजलेल्या टाक्या, आणि मधे हे गवत. यात गाय चरताना शेवटची कधी पाहिली म्हणाल तर मला आठवावं लागेल. पण आमच्या मार्जरीला विचारा — मार्जरी स्टॅनर्ड, समितीची चिटणीस — या कुरणाचं नुसतं नाव काढलं की तिचा गळा दाटून येतो. ‘आपल्या वाडवडिलांचा ठेवा’ म्हणते. तिचे वाडवडील कनेक्टिकटात विमा विकायचे. ती इथे आली परवा-परवा, टेकडीवर मोठ्ठं घर बांधलं, तेव्हा त्याच्या उंचीला कोणी फुगा लावला नाही, आणि आता गावाचं रूप बिघडतंय म्हणून झोप उडालीय बिचारीची. मी हसत नाहीये. मी तिच्याच बाजूची आहे, लक्षात ठेवा. येताना अंगणाअंगणात त्या हिरव्या पाट्या पाहिल्यात ना — ‘वेस्ट हॅरो विकाऊ नाही’ — ते शब्द माझे. छान आहेत, हो की नाही? विकाऊ कसं असणार, घ्यायला आहे काय इथे? शाळेतली नवी शिक्षिका तळ्यापलीकडून गाडी हाकत येते, कारण गावात भाड्याने खोली मिळत नाही. ॲम्ब्युलन्सवरचा पोरगा आईच्या तळघरात राहतो, बायकोसकट. आणि आम्ही चर्चच्या पायरीवर उभं राहून म्हणतो, तरुण माणसं गावात टिकत नाहीत, काय करावं बाई या पिढीला.

तुमचा तो बिल्डर, फेंटन — त्याला पहिल्या सुनावणीला पाहिलं आणि म्हटलं, हा काय टिकतोय. गुळगुळीत दाढी, बोलणं लोण्यासारखं. आमच्याकडे सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, आणि तीन मिनिटांत समोरच्याला घाम फोडणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं. मी म्हटलं, चार मजले? आमचं आकाश झाकणार का? तर म्हणाला, बरं, तीन करतो. म्हटलं, एवढ्या गाड्या उघड्यावर उभ्या राहणार, ओंगळ दिसेल ते. तर म्हणाला, बरं, गाड्या खाली झाकून ठेवतो, घरं वर घेतो. आता सांगा, माणूस सगळ्याला हो म्हणत असला तर त्याच्याशी भांडायचं कसं? मग घरी बसून विचार केला, याला परवडणारच नाही असं काय मागावं. आणि सापडलं. पुढच्या सुनावणीला उभी राहिले, आवाज थोडा कापरा केला — तोही जमतो मला — आणि म्हटलं, गाड्या खाली, घरं वर, मग आमच्या म्हाताऱ्या माणसांनी चढायचं कसं? ज्यांचे पाय गेले त्यांनी कुठे जायचं? लिफ्ट कुठाय तुमची? टाळ्या पडल्या हो. लिफ्टचा खर्च ऐकला की पळतात हे लोक, पलीकडच्या गावातला एक असाच पळाला होता. आणि फेंटन काय म्हणाला माहितीये? म्हणाला, ‘मिसेस पेल्की, अगदी खरं आहे तुमचं. लिफ्ट घालतो.’ मी खाली बसले ती बसलेच.

हसा, हसा, हसण्यासारखंच आहे. गाव नाही हसलं, गावाला वाटलं मी जिंकले. पण आमचं जे साप्ताहिक आहे ना, त्याला जागा भरायची असते — त्याने छापलं, ‘लोरेन पेल्की यांच्या आग्रहामुळे नव्या इमारतीला लिफ्ट’. फोटोसकट. त्या कोटात मी नेहमीच जाड दिसते. बरं, गावात वाचलं असतं आणि विसरले असते तर काही नव्हतं, पण ते साप्ताहिक गेलं डोंगरापलीकडे, वृद्धाश्रमात — क्लेटनकडे. क्लेटन म्हणजे माझा नवरा. तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला कुठून ठाऊक असणार. गेल्या हिवाळ्यात दारातला बर्फ ओढता ओढता पडला, डावी बाजू गेली. आता बरा आहे तसा, बोलतो, खातो, पत्त्यांत लबाडी करतो, सगळं पूर्वीसारखं. फक्त जिना चढता येत नाही. आणि आमचं घर म्हणजे जिनाच. त्यानेच बांधलं ते, स्वतःच्या हाताने, निजायची खोली वर, न्हाणीघर वर, म्हणाला वरून डोंगर दिसेल. बघ म्हणावं आता डोंगर. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, याला नर्स नकोय, याला जिना नसलेलं घर हवंय. जिना नसलेलं घर, वेस्ट हॅरोत. मी दारोदार विचारलं — त्याच दारांवर, जिथे नंतर पाट्या घेऊन गेले — नाही म्हणजे नाहीच कुठे. म्हणून तो तिकडे आणि मी इकडे, आणि दर रविवारी मेपलच्या पाकात शिजवलेल्या घेवड्याचा डबा घेऊन मी जाते.

त्या रविवारी गेले तर हा उशीला टेकून बसलेला, ते पान छातीवर धरलेलं, आणि येईल जाईल त्या नर्सला दाखवतोय — ही माझी बायको. भर सभेत उभी राहिली आणि माझ्यासाठी लिफ्ट मागितली तिने. मी तोंड उघडलं होतं हो, खरंच उघडलं होतं सांगायला. पण तो रडत होता. बाप गेला तेव्हा न रडलेला माणूस. मग मी म्हटलं, हं. नुसतं हं. तेवढ्यावर त्याने शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आपला रेडिओ देऊन टाकला, म्हणाला मी आता चाललोच, तिकडे नवा घेऊ आम्ही. ‘आम्ही’ म्हणाला.

समितीचं? छे, त्याला कुठे ठाऊक. पाट्या नाहीत, अध्यक्षपद नाही, काही नाही. सांगणार कोण — भेटायला मी जाते, आणि जातो त्याचा जुना दोस्त, रस गोकी, तो तर कामापुरतंही बोलत नाही. रस म्हणजे मंडळावरचा तो टोपीवाला, तुम्ही पाहिला असेल. पाच जणांचं मंडळ, दोन जण तुमच्या बाजूला, दोन आमच्या, आणि मधे हा बसलाय ढिम्म. तो आणि क्लेटन दोघे गावच्या आगीच्या बंबावर होते वर्षानुवर्षं. त्याची स्वतःची लेक त्याच्याच अंगणात चाकांवरच्या घरात संसार करतेय, म्हणजे त्याच्या मनात काय असणार ते सांगायला नको. काल दुकानात गाठलं मला, बटाट्यांसमोर. म्हणाला, लोरेन, उद्या तू उभी राहून नको म्हणालीस तर मीही नको म्हणेन, क्लेटनच्या बायकोविरुद्ध हात वर करायचा नाही मला. पण तू गप्प बसलीस, तर मी माझ्या मनाचं करीन. मंडळावरच्या माणसाने असं बाहेर बोलणं नियमात बसत नाही म्हणे. बटाट्यांसमोर बसत असेल. एवढं बोलला आणि गेला पिशवी घेऊन. बघा काय माणूस आहे — सगळं माझ्या डोक्यावर टाकलं आणि हा बटाटे घेऊन मोकळा.

काय? मग हो म्हणून टाका? वा, तुम्हाला काय जातंय सांगायला. इतके महिने ज्यांच्या ओट्यांवर जाऊन बसले, कुरण कुरण म्हणून ज्यांचे कान किटवले, त्यांच्यासमोर उभी राहून काय सांगू — माझ्या नवऱ्याला खोली हवीय, तेव्हा कुरण गेलं चुलीत? मार्जरी तोंड बघायची नाही माझं. चर्चच्या जेवणाला माझ्या पातेल्यात कोणी डाव घालायचं नाही. आणि घराचं काय करू? ते विकावं लागेल. क्लेटनने माझ्या उंचीला मापून स्वयंपाकाचा ओटा केलाय, दुसऱ्या कुठल्याही ओट्याशी उभी राहिले तर माझी पाठ धरते. मला नाही जायचं त्या लिफ्टच्या डब्यात, अजिबात नाही जायचं, सांगून ठेवते. पण एकटीसाठी चूल पेटवायची लाज वाटते हो मला. डबाभर घेवडे शिजवते आणि त्याच्यासाठी काढून ठेवते, उरलेले उभ्यानेच खाते. मला तो घरी हवाय. कुठल्याही घरी.

एक काम करा. फुगा जरा खाली घ्या. का म्हणजे काय, समितीला माहिती नको का? छप्पर बघून झालं माझं. घरांचा पहिला मजला, त्याची खिडकी जिथे येणार तिथे आणा. अजून. अजून थोडा खाली. — एवढंच? एवढीशीच उंची? आमची माडी याहून वर आहे की. थांबा, मला इकडे उभं राहू द्या. नदीकडे नका बघू, नदी झाडांत जाईल. इकडे, रस्त्याच्या बाजूला. बंबाची शेड दिसेल तिथून? तिचं दार? तुम्ही उंच आहात, त्या दगडी बांधावर चढून बघा ना जरा — सांभाळून, तो दगड हलतो. दिसतं? लाल दार? सगळं दिसतं की नुसती कड? आणि बंब बाहेर पडला तर वळेपर्यंत दिसेल? अच्छा. नाही, काही नाही. त्याला ते बघत बसायला आवडलं असतं. म्हणजे कोणालाही आवडेल, लोकांना आवडतं बंब बघायला. आणि ती लिफ्ट, तिच्यात चाकाची खुर्ची वळेल ना? मावेल नका सांगू, मावतं सगळंच, मी विचारतेय वळेल का. त्याला पाठीमागे जाता येत नाही, चिडतो. वळते? नक्की? तुम्ही स्वतः मापलंय की फेंटनने सांगितलं म्हणून सांगताय? बरं. बरं.

गाडी आली. ती निळी मार्जरीची, फोटो काढायला आलीय, पाटीपण आणली असेल माझ्या हातात द्यायला. वर सोडा, वर सोडा तो फुगा, पार छपरापर्यंत, नाहीतर म्हणेल खाली ओढून गावाला फसवताय. आणि तो डोनट पुसा ओठावरचा. हे बघा, मी तुम्हाला झापत होते. तिने विचारलं तर तेवढंच सांगा — नको, काहीच सांगू नका, तुम्ही मघापासून जसे गप्प आहात तसेच राहा, तुम्हाला गप्प बसणं चांगलं जमतं.

— ये गं मार्जरी. हो ना, केवढा उंच गेलाय बघ... काय? हं. घसा. घसाच बसलाय गं, एकदम. नाही, शब्दच फुटत नाही बघ. लिंबू-मध घेतलं, काही उपयोग नाही. संध्याकाळची माझी तीन मिनिटं तू घे, मी बसेन मागे. — हो का? रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं? ते हे, हे गृहस्थ. फार बोलतात बाई. मी नुसती ऐकत होते.