गुंडूचा फाटका सूर

जोतीराम: न्हाय म्हंजे न्हाय! सत्कार तुझा, शाल तुला, आणि पडद्यामागं बसून क्लारनेट मी फुंकायचा? जळतोय मी तुझ्यावर, गुंडू. तोंडावर सांगतो.

गुंडू: जळ की. पर वाजीव. कवळी घालून फुंकलं की नुसती शिट्टी निघती रं माझी. शनवारी लोकं त्यो जुना भुताचा पिक्चर बघाय येणार, आणि संपला की विहिरीतल्या हडळीची धून मागणार. मी काय करू?

जोतीराम: तुझी धून व्हय! आपल्या बँडात पहिला क्लारनेट मी. त्या दिवशी शिरोळला वरातीत वाजवाय गेलतो, म्हणून मास्तरनं रेकॉर्डिंगला तुला धाडला. आणि तिथं काय दिवं लावलास? मधीच दम तुटला तुझा. सूर फाटला!

गुंडू: फाटला की. म्या म्हटलं, परत घ्या. तर संगीतकार म्हणला, ऱ्हाऊ दे, हडळीला हुंदका आलाय.

जोतीराम: आणि त्योच हुंदका गाजला! मॅचला समोरच्यानं पेनल्टीला बॉल ठेवला की आपल्या शिवाजी पेठेतली पोरं तेच गुणगुणत्यात, हुंदक्यासकट. मी वरातीवरात ती धून वाजीवली, एक सूर हलू दिला न्हाय. तर लोकं म्हणायची, पिक्चरमधल्यासारखं न्हाय झालं. आईशप्पत, तुझं नरडं दाबावं वाटायचं!

चिमणाबाई: आवो, हळू की! हितं आत भाकरी थापतोय मी, तर भांडी हालाय लागली तुमच्या आवाजानं. भावजी, जेवून जायाचं बरं का.

गुंडू: व्हय वयनी. हे बघ जोत्या, पडद्यामागं नगं. माझ्या शेजारी खुर्ची टाकाय लावतो. तुझं नाव पुकारतो.

जोतीराम: ...माईकवर?

गुंडू: माईकवर.

जोतीराम: काढ ती क्लारनेटची पेटी. ऐक आता. (वाजवतो.) हं! सांग, कुठं हलला सूर?

गुंडू: कुठंच न्हाय. लई ग्वाड.

जोतीराम: मग?

गुंडू: भ्या वाटंना. हडळीचं लगीन ठरल्यागत वाटतंय.

जोतीराम: मुडद्या!

गुंडू: अरं, दम संपू दे. छातीत काय उरलं न्हाय तरी सूर सोडू नगं, वडत ऱ्हा.

जोतीराम: उभ्या जन्मात दम तुटू दिला न्हाय मी.

गुंडू: म्हाईत हाय. माझ्यावरचा सगळा राग काढ त्यात.

जोतीराम: मग बघच.

(जोतीराम पुन्हा वाजवतो. शेवटी सूर फाटतो.)

चिमणाबाई: आगं बया! भाकरी करपली की माझी. काटा आला बघा अंगावर! भावजी, कवळी घालून सुदीक काय वाजीवता ओ तुम्ही! आमच्या ह्यास्नी जरा शिकवा की.

गुंडू: ...जोत्या?

जोतीराम: माझ्याकडं काय बघतोस? सांग की तिला. मोठ्यानं सांग!